वाटीभर मुंग्या

बोरी अरबच्या इंदूबाईंच्या घरात एकही मुंगी नाही, ही गंभीर बाब महालक्ष्म्या बसायच्या चार दिवस आधी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी उघडकीस आली.

त्या वर्षीपासून ‘कीडमुक्त सजावट, सुरक्षित कुटुंब’ अभियान लागू झाले होते. सजावटीची तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय सणाला बाहेरच्या माणसांना घरात जेवू घालता येणार नव्हते. इंदूबाईंकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला साठ पाने उठत. म्हणून त्यांनी मखर आधीच उभारून फुलोरा टांगला होता. करंज्या, साटोऱ्या, वेणी, फणी. सगळे तळलेले, सगळे गोड, देवीच्या डोक्यावर लोंबणारे. मखराचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले. सत्तावीस वर्षांत या फुलोऱ्याला मुंगी लागली नव्हती. इंदूबाईंना दुसऱ्या कशाचा गर्व नव्हता. एवढ्या एका गोष्टीचा होता.

तपासणीला आलेली सुरभी प्राणिशास्त्राची पदवीधर होती, कंत्राटी होती, आणि स्वतःचे भिंग घेऊन आली होती. तिने फरशीवर खडूने फूट-फूटभराचे चौकोन आखले, प्रत्येक चौकोनाकडे तीन मिनिटे पाहिले आणि मान हलवली.

“काकू, मुंग्या शून्य.”

“मंग? दे कागद.”

“शून्य चालत नाही. ॲपमध्ये घट टक्क्यांत भरायची आहे. आधीच्या मुंग्या वजा नंतरच्या, भागिले आधीच्या. शून्याने भागता येत नाही.”

“अव पोरी, मुंग्याच नाहीत तं कमी काय होईन?”

“मले समजते, काकू. ॲपले नाही समजत. हे पाहा, लाल झालं.”

“त्या शेजारच्या विमलले कसा भेटला मंग कागद? तिच्या घरी तं देव्हाऱ्यापासून गॅसपर्यंत रांग राह्यते!”

“म्हणूनच भेटला. एक्क्याण्णव टक्के घट. सध्या गावात पहिला नंबर त्यांचाच आहे.”

जाता जाता सुरभीने वाट्यांतले पाणी ओतून टाकायला लावले. घरात साचलेले पाणी म्हणजे डासांची पैदास. तो रकाना वेगळा होता, पण लाल तोही होत होता.

दुपारी इंदूबाई रिकामी वाटी घेऊन शेजारी गेल्या.

“विमल, वाटीभर मुंग्या दे व.”

“कायले?”

“साठ माणसं जेवू घालाची हायेत.”

विमलताईला स्वतःचे प्रमाणपत्र नुकतेच मिळालेले असल्याने तिने पुढे काही विचारले नाही. गुळाचा खडा वाटीत टाकून तिने वाटी ओट्याखाली सरकवली आणि पाव तासात काळीभोर करून परत दिली. “वापस नको आणू बाई. माह्याकडं लय हायेत.”

दुसऱ्या दिवशी सुरभीने दोनशे चौदा मुंग्या मोजल्या. ॲप हिरवे झाले. मुंग्या कुठून आल्या, असा रकाना नव्हता.

“आता दोन दिवसांत कमी करा. पण सगळ्या नका मारू, काकू.”

“काहून व?”

“शंभर टक्के घट संशयास्पद असते. वरून पथक येते. पाच-सहा टक्के राहू द्या.”

दोन दिवस इंदूबाई मुंग्या मारण्यापेक्षा वाचवण्यातच गुंतल्या होत्या. बारा शिल्लक हव्या होत्या. एक चुकून पायाखाली आली, तेव्हा त्या हळहळल्या आणि विमलताईकडून बदली आणली. चौऱ्याण्णव पूर्णांक चार दशांश टक्के! सुरभीने हसून प्रमाणपत्र दिले. इंदूबाईंनी ते देवीच्या उजव्या हाताला भिंतीवर लावले.

मुंगी चालते तेव्हा मागे गंधाची रेघ ठेवत जाते. बारा मुंग्यांनी विमलताईच्या ओट्यापर्यंत बारा रेघा ओढल्या, आणि मखराच्या पायांशी आता पाणी नव्हते.

जेवणाच्या दिवशी साठ पाने मांडली गेली. पुरणपोळी वाढून झाली, तेवढ्यात गावातले वडीलधारे नानाजी ओरडले, “इंदूबाई! फुलोऱ्याले मुंग्या व! देवीच्या नथीत शिरून राह्यल्या! ह्या पाह्य, माह्या पुरणावर बी!”

साठ हात थांबले. इंदूबाईंच्या हातातली वाढायची पळी तशीच राहिली. सत्तावीस वर्षे एका क्षणात फरशीवरून चालत गेली. त्यांनी पळीने फक्त भिंतीकडे दाखवले.

नानाजींनी चष्मा लावला, कागदाजवळ गेले आणि मोठ्याने वाचले, “सदर घरातील सजावट कीडमुक्त आहे. सही. शिक्का.”

“मंग ठीक हाये,” ते म्हणाले आणि पुन्हा पानावर येऊन बसले. पंगत पुढे सुरू झाली. दोघा-तिघांनी पोळी मागून घेतली.

मुंगीच्या अंगात आम्ल असते. ती दाताखाली आली की घास किंचित आंबट लागतो. त्या पंगतीत कोणालाच काही आंबट लागले नाही. शेवटी इंदूबाई जेवायला बसल्या आणि पहिल्याच घासाला थांबल्या.

“नानाजी, मले आंबट लागून राह्यलं.”

नानाजींनी तृप्तीची ढेकर दिली. “तुह्या जिभेची तपासणी झाली काय?”

झालेली नव्हती. जिभांचे अभियान अजून लागू झालेले नाही. ते होईपर्यंत वाचकांनीही आपल्या घासाबद्दल स्वतःचे मत बनवू नये.