गोवरच्या लशीवर मतदान

लोहगडवाडीत खरं काय नि खोटं काय, हे ठरवायचा अधिकार शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांकडे असतो. आठवड्याचे उरलेले दिवस माणसं स्वतःच्या अकलेवर कशीबशी काढतात.

त्यामुळे किल्ल्याच्या वाटेवर पिठलं-भाकरीचं हॉटेल चालवणाऱ्या बजरंगआबांना एका गॉगलवाल्या साहेबांनी सांगितलं, "मामा, लहानपणी लस टोचली की पुढे रक्ताचा कॅन्सर होतो. ग्रुपवर आलंय," तेव्हा आबांनी शंका घेतली नाही. माणूस दोन थाळ्या जेवला होता. आबांनी नातीचा, नऊ महिन्यांच्या गार्गीचा, गोवरचा डोस तत्काळ स्थगित केला.

सून कोमल हबकलीच. "आबा, शेळ्यांना टोचलं तवा कुणाला इचारलंतं?"

"शेळी वरसाच्या आत इकायची असती," आबा म्हणाले. "तिच्या पुढच्या कॅन्सरचं आपल्याला काय?"

उत्तर बिनतोड होतं. कोमलचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. खालच्या आळीत पोरांना गोवर निघाला होता.

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर डोस द्यायला घरी आल्या. विषय विचाराधीन असल्याचं आबांनी त्यांना कळवलं आणि लोकशाही मार्गाने गिऱ्हाइकांचं मतदान सुरू केलं. चहाला अर्धं मत, भज्यांना एक, थाळीला दोन. एका रविवारी किल्ला बघायला एक डॉक्टरीणबाई आल्या. कळवळून म्हणाल्या, "अहो, लशीने रक्ताचा कॅन्सर होत नाही. उलट काही अभ्यासांत लस घेतलेल्या मुलांत तो जरा कमीच दिसलाय. गोवरने मात्र बाळ हातचं जाईल!" पण बाईंनी घरचा डबा आणला होता. मत बाद झालं.

पुढच्याच शनिवारी गार्गी तापाने फणफणली, अंगभर पुरळ उठलं, छाती घरघरू लागली. कोमल तिला पदरात गुंडाळून रस्त्यावर धावली. समोरून नेमकी त्याच साहेबांची गाडी आली.

"साहेब, दवाखान्यापर्यंत सोडा हो! पोरीला गोवर झालाय."

साहेबांनी काच वर घेतली, बोलण्यापुरती फट ठेवली. "अहो, आत आमचा मुलगा आहे."

"त्याला लस न्हाई दिली?"

"म्हणजे काय! सगळ्या दिल्यात, वेळच्या वेळी. तरी उगाच रिस्क कशाला?"

"मंग आबांना तसं का सांगितलंत?"

"ते माझं मत नव्हतं, ताई. आलेलं फक्त पुढे सांगितलं."

गाडी गेली. शेवटी दूधवाल्याच्या मोटरसायकलवरून कोमलने दवाखाना गाठला. मागून आबा पळत आले. "माजंच डोस्कं फिरलंतं गं," एवढंच म्हणाले. गार्गीच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती.

तेवढ्यात कोमलचा फोन वाजला. गावच्या ग्रुपवर कुणीतरी जुनाच मेसेज पुन्हा वर काढला होता : "सावधान! लशीने रक्ताचा कॅन्सर! जनहितार्थ पुढे पाठवा." खाली तेव्हाचे, न वाचताच जोडलेले आभाराचे हात, नावांसह, रांगेने.

कोमलने एकेक नाव वाचलं. आपलंही होतं त्यात.