अर्ध्या गावाची माफी

दादाजी घरी आला तेव्हा इंदिराबाईनं त्याच्यापुढे ताट आपटलं. ताटात नुसता भात होता.

समाजमंदिरातल्या बैठकीहून तो खुशीत आला होता. तलावातलं जाळं कुणी फाडलं, यावरून त्याचं आणि धाकट्या भावाचं, देवानंदचं, महिनाभर बोलणं बंद होतं. भांडताना दोघांनी साऱ्या गावासमोर एकमेकांना शिव्या घातल्या होत्या, म्हणून माफीही साऱ्या गावाला ऐकू जावी असं पंचांनी ठरवलं. दोघांना एकेक माईक दिला. गावाच्या दोन टोकांना भोंगे बांधले. दादाजीचं घर देवळाच्या टोकाला, देवानंदचं तलावाच्या. त्यांच्या बायका रागानं बैठकीला गेल्याच नव्हत्या, घरूनच ऐकत होत्या.

"तुमी एकटेच काऊन वाकले?" इंदिराबाईनं विचारलं.

"एकटा कुठी? देवानंदबी म्हणला ना, माहं चुकलं म्हणून."

"मले कान आहेत. तुमी वरडून वरडून माफी मागतली, अन् तो मुका बसला होता."

दादाजीनं शपथ घेतली, तशी ती आणखीच भडकली. शेजारची वच्छला कुंपणावरून म्हणाली की देवानंदचा एक शब्द तिनंही ऐकला नाही. तिकडे तलावाच्या टोकाला देवानंदची बायको रुखमाबाई त्याला हेच ऐकवत होती. तिच्या मते मुका बसला होता तो दादाजी.

सकाळी दोघी आपापल्या नवऱ्याला पुढे घालून लोकेश साऊंडवाल्याच्या दारात धडकल्या. घाबरलेल्या लोकेशनं मिक्सर उघडून पाहिला आणि कपाळाला हात लावला. बैठकीआधी त्यानं मोबाईलवरची गाणी वाजवली होती. त्यासाठी दोन लाईनी एका बटणानं जोडल्या होत्या. जोडल्या की एका लाईनीचा आवाज एका भोंग्यात जातो, दुसरीचा दुसऱ्यात. मग त्याच लाईनींत त्यानं माईक लावले आणि बटण काढायचं राहून गेलं. त्यात एकीचा आवाज चढवला की दुसरीचाही चढत होता. देवानंद हळू बोलतो म्हणून त्यानं आवाज चढवला, तर देवळाच्या टोकाला दादाजीची माफी फाटून गर्जली.

"आता पुन्हा मागाले लावा," इंदिराबाई म्हणाली. या एका गोष्टीवर रुखमाबाईचंही तेच मत होतं.

संध्याकाळी पुन्हा बैठक भरली. लोकेशनं लाईनी सोडवल्या, दोघांना बोलायला लावून प्रत्येकाचा आवाज वेगळा बेतला आणि दोन्ही माईक दोन्ही भोंग्यांत सोडले. आता पहिले कोण, असं पंचांनी विचारलं. रुखमाबाई म्हणाली, थोरल्यानं आधी मागावी. इंदिराबाई म्हणाली, काल ज्याची ऐकू आली नाही त्यानं. इंदिराबाईनं नवऱ्याच्या हातून माईक हिसकावला, रुखमाबाईनं दुसरा. भांडण जाळ्यावरून धानाच्या शेतातल्या बांधीवर गेलं, तिथून रुखमाबाईच्या लग्नातल्या वांग्याच्या भाजीवर. लोकेश बटणाला हात लावायला धजला नाही.

भाऊ केव्हा बाहेर पडले ते कुणाला कळलं नाही. तलावाच्या पाळीवर बसून देवानंदनं तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी सोडली आणि दादाजीपुढे धरली.

"भाऊ, आवाज कसा येऊन राह्यला?"

दादाजीनं चिमूट घेतली. एक कान देवळाकडे लावला, एक जवळच्या भोंग्याकडे.

"आज बरोबर हाये," तो म्हणाला. "दोघींचाबी, दोन्हीकून."