सत्तेचाळीस आणि चांदणी

पावतीवरचे शेवटचे तीन आकडे बाळाच्या पोटात गेले होते, आणि हे खिडकीपलीकडच्या क्लार्ककाकांना कोणत्या शब्दांत सांगावं, याची तालीम ती रांगेत उभ्या उभ्या करत होती. बाळ कडेवर होतं. चौदा महिन्यांचं, साडेसहा दातांचं, आणि केल्या कर्माचा लवलेशही चेहऱ्यावर नसलेलं.

पाळणाघराची खिडकी चारला बंद होणार होती. तोवर जागा पक्की केली नाही तर ती प्रतीक्षायादीतल्या मुलाला जाणार. सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं. साहेबांनी रजा दोनदा वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते फक्त "बघा तुम्ही" म्हणाले होते, आणि त्या 'बघा तुम्ही'चा अर्थ लावण्यात तिच्या दोन रात्री गेल्या होत्या.

तशी ती डोळ्यांत तेल घालून वावरणारी आई. बटण, खडू, चपलेची पट्टी, वाळकं पान, सगळं तिने त्या साडेसहा दातांतून वेळेवर परत मिळवलं होतं. मंगळवारी दूध उतू गेलं म्हणून ती फक्त गॅस बंद करायला वळली, आणि तेवढ्यात पावती आखूड झाली. तिने आधी डॉक्टरांना फोन केला. "कागद चालेल," ते म्हणाले, "शाईचं काही सांगता येत नाही." त्यानंतर दोन दिवस तिने शाईची काळजी केली आणि तिसऱ्या दिवशी तिला आकड्यांची आठवण झाली.

"पावती?" काकांनी वर न बघता हात पुढे केला.

तिने उरलेला तुकडा दिला. काकांनी तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"सत्तेचाळीस. पुढचे तीन आकडे?"

"बाळाने खाल्ले."

"खाल्ले?"

"गिळलेच."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून बाळाकडे पाहिलं. बाळ हसलं. "मग... परत नाही आले?"

"वाचता येण्यासारखं काही नव्हतं," ती म्हणाली.

मागच्या छत्रीवाल्या गृहस्थांना ठसका लागला.

"नंबर पाठ नाही तुम्हाला?"

पाठ होता ना! चुकू नये म्हणून तिने तो इतक्यांदा घोकला होता की आता तिला असे चार नंबर पाठ होते आणि चारही तितकेच खरे वाटत होते. "नावाने शोधा ना काका."

"नव्या कॉम्प्युटरमध्ये नावाने शोधायची सोय बंद आहे. गोपनीयता. फोन नंबरानेसुद्धा नाही. फक्त अर्ज क्रमांक."

"अहो, पण नाव बाहेर फलकावर लावलंय! निवडलेल्या वीस मुलांत सातवं. येणारा-जाणारा वाचतोय."

"फलक आमच्याकडे येत नाही," काका शांतपणे म्हणाले. "पण घाबरू नका. अकरा वर्षं हेच करतोय मी. पावत्या भिजतात, फाटतात. आपण सत्तेचाळीस टाकायचं आणि पुढे ही चांदणी." त्यांनी चांदणीची खूण अशी अलगद दाबली, जणू मुलाच्या वहीवर शाबासकी चिकटवतायत. "चांदणी म्हणजे पुढे काहीही असू दे. हं... अर्ज नाही."

"म्हणजे?"

"सत्तेचाळीसने सुरू होणारा एकही अर्ज नाही. शून्य. तुम्ही अर्ज केलेलाच नाही."

 चौदा महिने सतत सगळीकडे बघण्याची सवय कामी आली. मागच्या गृहस्थांच्या हातातली पावती तिला दिसली. "दादा, तुमचा नंबर काय?"

"सत्तेचाळीस एकशे बारा."

"काका, टाका बघू."

काकांनी टाकला. अर्ज आला. काकांनी त्यांची जागा पक्की केली, पावती छापून हातात दिली. गृहस्थ मात्र हलले नाहीत. इतकं रंगलेलं कोण सोडून जाईल?

"आता सांगा," ती म्हणाली. "यांचा नंबर सत्तेचाळीसने सुरू होतो ना? मग सत्तेचाळीसने सुरू होणारा एकही अर्ज नाही, हे कसं?"

"ते आहेत. तुम्ही नाही."

"मी इथे उभी आहे!"

"तुम्ही खिडकीवर आहात हो. कॉम्प्युटरमध्ये नाही."

"मग मीही इथून हलत नाही. तुमचं मशीन मला शोधत नाही तोवर ही खिडकी बंद करून दाखवाच." तिने बाळाला खिडकीच्या रुंद फळीवर बसवलं, एका हाताने घट्ट धरलं आणि दुसरा हात गजाभोवती गुंडाळला. आपला आवाज एवढा मोठा निघू शकतो हे तिला नव्यानेच कळत होतं.

काकांनी नाइलाजाने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला.

"काका, कितीदा सांगितलं! नव्यात चांदणी चालत नाही. नव्याच्या लेखी चांदणी म्हणजे नुसती चांदणी. ज्या अर्जाच्या नंबरात खरोखरची चांदणी आहे, असा अर्ज ते शोधतंय. 'पुढे काहीही' म्हणायचं असेल तर टक्क्याची खूण टाका."

"टक्क्याची? मुलं शोधायला?"

"हो."

"अकरा वर्षांत चांदणीने मला एकदाही दगा दिला नाही, आणि आता मी—"

"काका," ती दातांवर दात ठेवून म्हणाली, "टाका टक्का."

घड्याळात पावणेचार झाले होते. काकांनी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढून भाडेकरू ठेवावा अशा चेहऱ्याने, चांदणी पुसली, टक्क्याची खूण टाकली आणि बटण दाबलं. पडदा वरपासून खालपर्यंत भरला. त्रेसष्ट अर्ज. प्रत्येकासमोर आपोआप बरोबरची खूण.

"सापडला!" काका म्हणाले.

"काका, थांबा, हे सगळ्यांचे—"

"एवढा वेळ शोधा, शोधा, आणि आता थांबा?" त्यांनी 'पक्के करा' दाबलं.

तिच्या पिशवीत फोन वाजला. गृहस्थांचा वाजला. रांगेत आणखी तीन वाजले, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "अगं, झालं आपलं! प्रतीक्षेत होतो ना आपण?"

गज सोडून तिने संदेश उघडला. 'अर्ज क्रमांक ४७३१८. आपल्या बाळाची जागा पक्की झाली आहे.' तीनशे अठरा! पाठ असलेल्या चारांत हा नव्हताच.

"काका, हा माझा नंबर. पावती छापा."

काकांनी छापली, कारण आता छापता येत होती. तिने पावती घेतली, पण एक हात बाळाला होता आणि दुसरा पुन्हा गजाला हवा होता. तिने ती स्वतःच्या दातांत धरली.

तेवढ्यात आतून मोठ्या बाई आल्या. पाळणाघर त्यांच्या ताब्यात होतं आणि फोनही त्यांच्या कानाला होता. "त्रेसष्ट? काका, आपल्याकडे पाळणे किती?"

"वीस, बाई."

"मग सगळे रद्द करा. आत्ता. त्यांचेही, यांचेही. पुन्हा रांग लावा, पहिल्यापासून."

तिने पावती दातांतून काढली. "चारला दहा मिनिटं कमी आहेत बाई. माझं बाळ फलकावर सातवं आहे. चूक तुमच्या टक्क्याची, आणि रांगेत पुन्हा मी?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"मग सगळ्यांसारखी मीपण सांगते. मी हलणार नाही."

"नका हलू. काका, करा रद्द. चारला मशीन आपोआप बंद होतं, मग पक्कं झालेलं रद्द करता येणार नाही."

काकांनी 'रद्द करा' दाबलं. मशीनने पुन्हा पासवर्ड मागितला. काका निवांत होते. पासवर्ड दहा अक्षरांचा होता आणि तो लक्षात ठेवण्याचा मूर्खपणा त्यांनी केला नव्हता. त्यांनी तो एका चिठ्ठीवर लिहून ती खिडकीच्या फळीला, आतल्या बाजूने, चिकटवून ठेवली होती.

त्या चिठ्ठीकडे एक छोटा हात चालला होता.

तिने तो पाहिला. ती सगळंच पाहत असे. हात चिठ्ठीपर्यंत पोचला, चिकटपट्टी सुटली, चिठ्ठी तोंडाच्या दिशेने निघाली. एवढ्या वेळात तिने आजवर चपलेची पट्टीसुद्धा परत मिळवली होती. तिने नीट निरखून बघितलं. अक्षरं पेन्सिलीने लिहिलेली होती. शाईची भीती नव्हती.

चौदा महिन्यांत पहिल्यांदाच ती मान वळवून घड्याळाकडे बघत राहिली.

"अरे, अरे, अरे!" काकांनी झेप घेतली. चिठ्ठी हातात आली, पण आखूड. सात अक्षरं उरली होती.

फोन अजून स्पीकरवरच होता. काका त्याच्यावर ओणवले. "ऐकतोस ना रे? पासवर्डची शेवटची तीन अक्षरं गेली. त्यांच्या जागी काय टाकू? टक्का?"

"पासवर्डमध्ये टक्का चालत नाही काका."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे चांदणी?"

"चांदणीही नाही. जे होतं तेच टाकावं लागतं. नवा हवा असेल तर लेखी अर्ज करा, सोमवारी बघतो."

घड्याळात तीन पंचावन्न. मोठ्या बाईंनी काकांकडे बघितलं, काकांनी बाळाकडे. बाळ मन लावून चघळत होतं. मग ते थांबलं आणि त्याने घोट गिळला.

"मघाशी तुम्ही म्हणालात," काका अगदी हळू आवाजात तिला विचारू लागले, "पावती खाल्ली होती... ती परत यायला साधारण किती वेळ लागला होता?"

तिने बाळाला कडेवर घेतलं आणि पावती या वेळी चार घड्या घालून पर्समध्ये, चेनच्या कप्प्यात ठेवली.

"तुमचे चार वाजेपर्यंत तर नाहीच," ती म्हणाली. "आणि आलं, तरी वाचायला तुम्हालाच यावं लागेल."