खिळा मारायचा न्हाई

रविवारची सुट्टी होती आणि घरमालकीण शेतावर गेली होती, म्हणून उद्धवरावांनी चित्र टांगायला तोच दिवस धरला.

चित्र सुमनताईंनी स्वतः रंगवलेलं होतं. बीडकडचं त्यांचं माहेर, तिथली विहीर, काठावरचा लिंब. पिंपरीच्या नव्या औषधी कारखान्यात नवऱ्याला नोकरी लागली तेव्हा साड्यांच्या घड्यांत घालून त्यांनी ते इथवर आणलं होतं. देहूरोडच्या सुतारानं चौकट करून काचही बसवून दिली. अडचण एकच होती. खोली भाड्यानं देताना छबूबाईंनी बजावलं होतं, "बाकी कसंबी ऱ्हावा. माझ्या भिंतीत खिळा मारायचा न्हाई."

कारखाना आल्यापासून गावात दुसरी खोली मिळणं मुश्किल होतं. त्यामुळे लिंब आणि विहीर इतके दिवस भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभी होती.

"त्यांना कळलं तर खोली जाईल," सुमनताई म्हणाल्या.

"कळणार कसं? खिळा चित्रामागं झाकला जातो. कंपनीत भिंतीला एवढाल्या मोटारी बसवतात, रोज बघतो मी."

उद्धवराव पॅकिंगमध्ये होते. पण बघत होते, हे खरं.

पहिला खिळा भिंतीत सहज गेला आणि तितक्याच सहज बाहेर आला. मातीचीच भिंत ती. उद्धवरावांनी मोठा खिळा घेतला. तो डोक्यासकट आत गेला आणि पुन्हा दिसला नाही. भोकाशेजारी लिंपणाचा पोपडा सुटला होता. आता निदान खिळा तरी काढावा, म्हणून त्यांनी सळई घालून थोडं उकरलं. त्याबरोबर मातीचं ढेकूळ निघालं आणि पाठोपाठ भिंतीतून ज्वारी यायला लागली.

आधी चार दाणे, मग बारीक धार.

"अहो, हे काय?"

"बळद आहे," उद्धवरावांनी घाईनं भोकावर अंगठा दाबला. जुन्या घरांत जाड भिंतीच्या पोटातच धान्य साठवायला पोकळी ठेवतात, हे त्यांना ठाऊक होतं. ती याच भिंतीत असेल, हे नव्हतं. "चिंधी आण."

चिंधी भोकात गेली, ती खिळ्याच्या मागोमाग आतच पडली. दुसरी आणेपर्यंत भोक आणखी मोठं झालं. उद्धवरावांनी पूर्ण तळवा लावला. आता त्यांना हलता येईना. सुमनताई खाली बसून ज्वारी सुपात भरू लागल्या, आणि त्याच वेळी दारात छबूबाई उभ्या राहिल्या.

छबूबाईंनी सूप बघितलं, भिंत बघितली, भिंतीला चिकटलेले उद्धवराव बघितले.

"मावशी, चूक झाली," सुमनताई सूप खाली ठेवत म्हणाल्या. "आम्ही भरून देतो. पण खोली..."

"हळू बोल," छबूबाई म्हणाल्या. त्यांनी दार लोटून घेतलं. "मालक बैल बांधून येत्यात. त्यास्नी म्हाईत न्हाई."

"काय माहीत नाही?"

"ह्यात ज्वारी हाय ते. बळद ढासळलंय म्हणून सांगितलंय मी त्यास्नी. न्हाईतर समदी बाजारात नेत्यात. माझ्या लेकीला, इंद्रायणीला शिवणयंत्र घ्यायचंय. पोरीचा हात लई चांगला चालतोय."

पुढचं सगळं छबूबाईंनीच केलं. ओल्या मातीचा गोळा भोकात थापला, सुपातली ज्वारी पदरात बांधली आणि चित्र उचललं.

"खिळ्याला काय जोर असतोय? तुळईला सुतळी बांधा आन् सोडा खाली. भोकावर यायला पायजे."

छबूबाईंचे मालक सोनबा आत आले तेव्हा उद्धवराव डब्यावर उभे राहून गाठ मारत होते आणि छबूबाई चौकट दोन्ही हातांनी धरून होत्या.

"हे काय चाललंय?" सोनबांनी विचारलं.

"मीच म्हनलं लावा. भिंत बोडकी दिसत व्हती," छबूबाई म्हणाल्या. "बघा, विहीर कशी काढलीय पोरीनं."

सोनबा चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. "पानी लई खोल गेलंय," ते म्हणाले, "पर विहीर झ्याक." सुमनताईंना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला.

चहा पिऊन उद्धवराव ओट्यावर आले. सोनबा तिथं तंबाखू मळत बसले होते. त्यांनी शेजारी जागा करून दिली, उद्धवरावांच्या बाहीला अडकलेला ज्वारीचा दाणा काढला आणि हळूच म्हणाले, "पावनं, येक हात वर ठोकायचा व्हता खिळा. वर मोकळंच हाय. ज्वारी खालच्या अंगाला हाय."

उद्धवरावांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"पयल्या सुगीपास्नं."

"मग बोलत का नाही?"

"बोललो तर ती दुसरीकडं ठिवंल," सोनबांनी तंबाखू तोंडात टाकली. "आन् तितं उंदरं हायती."