मालूताई नाव विचारतात

आमच्या नल्लकुंट्याच्या गल्लीत दुपारी कुणाचा डोळा लागला की मालूताई त्याला हलवून उठवतात आणि नाव विचारतात. रिक्षात झोपलेल्या सलीमभाईंनाही त्यांनी सोडलं नाही.

"नाम बोलो!"

"सलीम. पोलिस हैं क्या अम्मा आप?"

"घबराओ नक्को. अब सो जाओ."

आता ते बिचारे झोपतात कसले!

मालूताई मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या. आता रिटायर झाल्यात, माझ्या शेजारी एकट्या राहतात. मी मुळात कमी बोलते. कुणी हाक मारली की नुसती मान हलवते. ते त्यांना चालत नाही. "मान झोपेतही हलते. तोंड उघड," म्हणतात. माझ्या मिस्टरांनी तर दुपारी आडवं व्हायचंच सोडलंय.

एकदा दोघी शेंगा सोलत होतो. मी हिंमत करून विचारलं, "ताई, नाव कशाला हो विचारता?"

त्या सोलतच राहिल्या. त्यांच्या यजमानांचं हृदय बंद पडलं, तेव्हा त्यांना ताईंच्याच दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टर छाती दाबत होते, इंजेक्शन भरून देत होत्या ताई.

"मशीनवर सरळ रेघ होती ग. औषध गेलं आणि थोड्या वेळानं ती उड्या मारायला लागली. मी धावत बाहेर गेले, सासूबाईंना म्हटलं, आले! साऱ्या नातेवाइकांना फोन केले, आले म्हणून. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली."

मग शेंग हातातच राहिली.

"औषधानं हृदय चालू झालं. पण मेंदूला फार वेळ रक्त मिळालं नव्हतं. मला 'माले' म्हणायचे, ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. आठवड्यानं गेले. तोवर रेघ मात्र छान होती."

परवा दुपारी त्या दारातल्या खुर्चीत मान टाकून बसलेल्या दिसल्या. हाक मारली, हालचाल नाही. जन्मात ओरडले नव्हते एवढ्यांदा ओरडले, "मालूताई, नाव सांगा!"

डोळे मिटलेलेच. ओठ तेवढे हलले.

"तूच सांग. ते म्हणायचे तसं."

एवढ्या मोठ्या बाईला असं कसं म्हणायचं? मी गल्लीत दोन्हीकडं बघितलं. कुणी नव्हतं.

"माले," मी हळूच म्हटलं.

"आले हं," त्या म्हणाल्या. डोळे मात्र बराच वेळ उघडले नाहीत.