तिसऱ्या मजल्यावरचा विकसनशील देश

अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरच्या आमच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर एक विकसनशील देश आहे. लोकसंख्या एक.

त्या एकाचं नाव खांबेटेकाका. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत कुठे किती वीज जाते हे तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर तपासायला कारखाना उरला नाही, म्हणून त्यांनी घराचीच क्षेत्रं पाडली आणि प्रत्येक क्षेत्राला वेगळा मीटर बसवला. स्वयंपाकघर म्हणजे उद्योग. हॉल म्हणजे सेवा. फ्रिज हॉलमध्ये असल्यामुळे तोही सेवेत. विजेवरची स्कूटर ही वाहतूक. गॅलरीतल्या कढीपत्त्याला पाणी घालणारा एवढासा पंप ही शेती. तिला मात्र मीटर नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाले, आपल्या देशात तरी शेतीला सगळीकडे कुठे असतो.

कुणी काहीही सांगितलं की काका विचारतात, "हे कुठल्या क्षेत्रात धरायचं?" माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही विचारलं. मी म्हटलं, वाहतूक. सासर ठाण्याला आहे. त्यांनी समाधानाने मान हलवली.

आमच्या हिचा एकदा गीझर चालू राहिला. काकांनी दारात उभं राहून तिला देशाची परिस्थिती इतकी नीट समजावून सांगितली, की पुढचे दोन दिवस तिने रागाने गार पाण्याने आंघोळ केली.

असा माणूस रोज सकाळी साडेसातला मिक्सर लावायचा. आमची भिंत एकच, त्यामुळे ऐकू यायचं. पण मिक्सर रिकामा आहे हे ओळखलं हिने. खोबऱ्याचा आवाज वेगळा, डाळीचा वेगळा, नुसत्या भांड्याचा वेगळा. आपल्याला गीझरवरून ऐकवणारा माणूस रोज दोन मिनिटं हवा वाटतोय म्हटल्यावर ती तरातरा त्यांच्याकडे निघाली. मी साक्षीदार म्हणून मागे.

दार उघडंच होतं. मिक्सर फिरत होता, भांडं लख्ख.

काकांनी लपवालपवी केली नाही. मिक्सर बंद केला, मीटर पाहिला, वहीत आकडा लिहिला आणि मग खुलासा केला. काकू रोज साडेसातला चटणी वाटायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. आता डबा बाहेरून येतो, स्वयंपाकघरात काही चालतच नाही. पहिल्या महिन्यात उद्योगाच्या रकान्यात नुसती शून्यं पडली.

"शून्य लिहिलं की कारखाना कायमचा बंद झाला असं धरतात," ते म्हणाले. "ते मला लिहवत नाही."

मी त्यांच्या पंख्याकडे बघत राहिलो. तो बंद होता. ही मात्र भांडायला आणलेल्या आवाजातच म्हणाली, "मग रिकामा कशाला फिरवता? उद्यापासून खोबरं मी आणून देते. पण मीठ मी घालणार, तुम्ही नाही."