बिलकुल चालू हाय, फकस्त दिसत न्हाई

मे महिन्यातली भर दुपार. पंखा गरम हवा फेकत होता, आणि आमच्या बैठकीत चौसष्ट वर्षांचा एक माणूस गोधडी पांघरून बसला होता. गोधडीत त्याच्या सोबतीला आमचा कंप्युटर आणि एक टॉर्च. माझी बायको ज्योती पाणी घेऊन आली, गोधडीकडे बघितलं, तांब्या माझ्याच हातात दिला आणि आत गेली.

"सर," गोधडीतून आवाज आला, "बिलकुल चालू हाय. फकस्त दिसत न्हाई."

हे आमचे शेजारी रंगनाथ काका. इथं अंकुशनगरला साखर कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी वायरमन म्हणून काढली. हे वाक्य ते कशालाही लावतात. नळाला पाणी नसलं तरी नळयोजना "चालू हाय, फकस्त दिसत न्हाई." जावयाची हुशारी, तीही तशीच.

रिटायर झाल्यावर माणसं भजनाला लागतात, काका लिनक्सला लागले, म्हणजे विंडोजच्या जागी घालायच्या फुकट सिस्टीमला. जुना कंप्युटर दिसला की त्यांच्या हाताला खाज सुटते. आमचा अकरा वर्षांचा, मुलीच्या कॉलेजच्या वेळचा. चालू करून भाजी निवडून झाली तरी उघडायचा नाही. "म्हाताऱ्या बैलाला ट्रॅक्टरची ट्रॉली कशाला जुंपता?" काका म्हणाले. "हलकी सिस्टीम घालू. अर्ध्या तासाचं काम."

पेनड्राइव्ह लावला. काळ्या पडद्यावर एक छोटं चित्र आलं, खाली ठिपके फिरले, आणि पडदा काळा. तो काळाच राहिला. आतून मात्र टुणटुण आवाज आला, म्हणजे सिस्टीम उघडली होती. तेव्हाच काकांनी गोधडी मागितली. मॉनिटरच्या आतला दिवा गेला तरी अक्षरं असतात, अंधारात तिरपी टॉर्च मारली की दिसतात, हे त्यांचं पहिलं शास्त्र. सुरुवातीचं चित्र तर दिसलं होतं की, हे मी दोनदा सांगितलं. पण शास्त्र म्हणजे शास्त्र. घामाने निथळत ते बाहेर आले.

"दिवा बराबर हाय. मंग दोष आतल्या चित्राच्या कार्डात."

अर्ध्या तासाचे तीन दिवस झाले. यातला निम्मा वेळ काका घरात नसायचेच. जुन्याच सिस्टीमवर पेनड्राइव्ह परत भरायला घ्यायचे, आणि पडद्यावर पट्टी सरकायला लागली की यांना धीर धरवत नाही. पट्टी वीस टक्क्यांवर असेपर्यंत त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातला सैल बोर्ड आवळला, चाळीसला गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बघून आले, साठला समोरच्यांची बेल दुरुस्त केली. त्यांची बेल बिघडलेली नव्हती. दर दहा मिनिटांनी खिडकीतून डोकं आत घालायचे, "सर, दिसून राह्यलं का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोड काढली. चालू होताना यादी येते, तिथं थांबून सुरुवातीच्या ओळीत एक शब्द लिहायचा: नोमोडसेट. "म्हंजे कार्डाला सांगायचं, बाबा, तू आत्ता मधी बोलू नको. साधंसुधं चित्र दाखव, बस."

आणि खरंच चित्र आलं! पण केवढं! एकेक चिन्ह भाकरीएवढं, अक्षरं दुकानाच्या पाटीसारखी, निम्मी खिडकी पडद्याबाहेर. मी हसलो. काका हसले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून चार पावलं मागे गेले, दारापर्यंत गेले, तिथून बघत राहिले.

"काका, हे बिघडलेलंच आहे ना?"

"हां," ते म्हणाले. "बिघडलेलंच हाय." आणि खिशातून बसचं तिकीट काढून त्याच्या पाठीवर काहीतरी लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम, शोधायचा होता. "शहागडच्या नाक्यावर गेल्ते का कधी? तिथं उभा राह्यलेला प्रत्येक माणूस ड्रायव्हर. पण ह्या गाडीचा कोन, ते पाह्यला पाहिजे." दोन चुकीचे बसवले, दोनदा काळोख झाला. तिसरा बराबर बसला, आणि पडदा एकदम कोरा, बारीक, देखणा झाला. ज्योतीनेसुद्धा बाहेर येऊन बघितलं. काका मात्र चहा न घेताच गेले. मला जरा वाईटच वाटलं.

पुढे श्रावणात ज्योतीने थालीपिठं केली, चार काकांकडे घेऊन गेलो. दार उघडंच होतं. आत टेबलावर आमच्यासारखाच जुना कंप्युटर, आणि त्यावर तीच भाकरीएवढी चिन्हं. समोर चंद्रकलाकाकू, नाक जवळजवळ काचेला टेकलेलं.

"काका, स्वतःच्या घरचा तेवढा राहिला की," मी म्हणालो. "ड्रायव्हर मी घालून देऊ?"

काकांनी मला दंडाला धरून ओसरीवर आणलं.

"हात लावू नका सर. मुद्दाम तसा ठिवलाय." मग आवाज आणखी खाली आला. "हिच्या डोळ्याचा मधला भाग गेलाय. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, आता सुधरायचं न्हाई. दोन वर्षं झाली, पेपर हातात घेतला न्हाई तिनं."

"पण अक्षरं मोठी करायची सेटिंग असते ना?"

"अक्षरं मोठी होत्यात. कोपऱ्यातली बंद करायची खूण बारीकच राहती, मंग मला हाक मारती, अन् मंग तिला वाईट वाटतं. ह्याच्यात सगळंच मोठं. तुमच्याकडं पाह्यलं अन् म्हनलं, हेच पाहिजे आपल्याला. मला हाक न मारता उघडती आता."

आतून काकूंचा आवाज आला. एकेका शब्दावर थांबत त्या वाचत होत्या, "काल-व्याला... सोम-वारी... पाणी... सुट-णार." आणि मोठ्याने, "अहो, ऐकलं का? कालव्याला पाणी सुटून राह्यलंय!"

ही बातमी सकाळची. सकाळीच काकांनी ती मला फाटकापाशी अडवून सांगितली होती, आणि सोमवार की मंगळवार यावर माझ्याशी वाद घातला होता.

"काय सांगती!" काका लगबगीने आत गेले. "कोन्त्या दिवशी म्हनली?"

काकू परत पडद्याला नाक टेकवून तो शब्द शोधायला लागल्या. काका खुर्चीमागे उभे राहिले, आणि तो सापडेपर्यंत जागचे हलले नाहीत.